एक ठोका म्हणजे ‘आले’

हे खरं घडलंय. विश्वास ठेवा म्हणून मी कोणाच्या पाया पडणार नाही. माझ्या घरात झालं नसतं, तर मीही हसण्यावारी नेलं असतं.

आणि आधीच सांगते, रात्र नव्हती. कुत्री रडत नव्हती, दिवे गेले नव्हते. मंगळवारची भर दुपार होती आणि मी आमच्याच घराच्या वरच्या मजल्यावर उभी होते.

बाबांना झटका आला आणि त्यांची उजवी बाजू गेली. वाचाही गेली. त्यांची खोली वर, न्हाणीघर खाली, आणि मधला लाकडी जिना इतका उभा की धडधाकट माणूससुद्धा जीव मुठीत धरून उतरायचा. म्हणून मी आणि आई ओल्या फडक्याने त्यांचं अंग पुसायचो.

बाबा पाण्याचे वेडे. पूर्वी ते अंघोळीला शिरले की आई बाहेरून ओरडायची, “टाकी आटली हो!” आता फडकं दिसलं की ते भिंतीकडे तोंड फिरवायचे. एकदा त्यांनी डावा हात डोक्यावर नेला आणि रिकामा तांब्या ओतल्यासारखा वाकडा केला. मग रडले.

“डोक्यावरून पाणी हवंय त्यांना,” आई म्हणाली.

त्याच दिवशी ठरलं. त्यांच्या खोलीलगत वरच न्हाणीघर बांधायचं.

आता आमची खूण सांगते. ती कळली नाही तर पुढचं कळणार नाही.

बाबांच्या उशाशी काठी असायची. काही हवं असलं की ते जमिनीवर दोन ठोके द्यायचे. म्हणजे ‘ये’. लाकडी जमिनीच्या बरोबर खाली स्वयंपाकघर. तिथून आई झाडूच्या दांड्याने छताला एक ठोका द्यायची.

म्हणजे ‘आले!’

गंमत बघा. कोणी बोलावलं की आपण ‘येते’ म्हणत नाही. चुलीपासून हललेलोही नसतो, तरी ‘आले’ म्हणून मोकळे होतो. जणू पोचलोच.

कामाला जो मिस्त्री आला, त्याचं नाव आम्ही थेंब मिस्त्री ठेवलं. पहिल्याच दिवशी तो म्हणाला, “लाकडावर न्हाणीघर करतोय, भिऊ नका. एक थेंब खाली उतरला तर मिशी उतरवीन!”

“म्हणजे माझं स्वयंपाकघर याच्या मिशीवर टांगलेलं,” आई पुटपुटली.

पण काम चोख. त्याने फळ्या उचकटल्या, तुळयांमध्ये आडवे ठोकळे बसवले, वर सिमेंटचे बोर्ड मारले, पाणी जायच्या जाळीकडे उतार दिला, वॉटरप्रूफचे दोन हात फिरवले. “लाकूड हलतं, फरशी हटून बसते. यांचा संसार टिकवायचा तर मध्ये हा लवचीक माल हवा,” असं म्हणत त्याने फरश्या बसवल्या. त्याआधी जाळी बुजवून पाणी भरून ठेवलं होतं. खाली छत कोरडं ठणठणीत. मिशी वाचली.

फरश्या सुकल्यावर तो थापीच्या मुठीने एकेक वाजवू लागला. खाली माल नीट भरला असेल तर ‘टण’. पोकळी राहिली असेल तर ‘ढब’.

टण. टण. टण.

आणि जिथे बाबांची खुर्ची येणार होती, तिथे...

ढब.

त्याने ती फरशी काढली. खाली माल काठोकाठ. मुंगी शिरायला जागा नव्हती. त्याने पुन्हा माल लावून नवी फरशी बसवली. सुकली.

ढब.

“ताई, हे काही खरं नाही,” तो म्हणाला. तरी त्याने ती तिसऱ्यांदा बसवली. त्या मंगळवारी मी शेजारी उभी असताना त्याने ती वाजवली.

ढब...

आणि खालून उत्तर आलं.

ठक. ठक.

मला वाटलं, आई चेष्टा करतेय. मी तरातरा खाली गेले. स्वयंपाकघर रिकामं. झाडू दारामागे. आई मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती, खिडकीतून दिसत होती. मी मान वर करून छताकडे बघत राहिले. तुळया, फळ्या, एक जळमट. बाकी काही नाही.

तेवढ्यात डोक्यावर पुन्हा...

ठक. ठक.

मग थोडा वेळ काही नाही.

मग एकच ठोका. जोरात. तो काठीचा होता.

मी जिना कसा चढले मला आठवत नाही. बाबा पलंगावर उठून बसले होते. डाव्या हातात काठी. इतक्या महिन्यांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं.

“बाबा... कोणाला ‘आलो’ म्हणालात?”

त्यांनी काठीने न्हाणीघराकडे दाखवलं.

एक ठोका आमचा होता. खालच्यांचा. बाबांनी तो कधीच दिला नव्हता. ते फक्त बोलवायचे.

मिस्त्री जिन्यात हत्यारं गोळा करत होता. “फोडून टाका ती,” मी म्हटलं. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, “दुसरा माणूस पाठवतो.” कोणी आलं नाही. मग मीच हातोडी उचलली, तर आई दारात आडवी.

“वेडी झालीस? अंगावर पाणी पडू दे त्यांच्या एकदाचं!”

तिला कसं सांगणार होते? तरी सांगितलं, तर म्हणाली, “लाकूड आहे, वाजतं.” आणि बाबा खोलीतून आमच्याकडे असे बघत होते, जत्रेला निघालेल्या मुलासारखे. माझा हातच उठला नाही.

गुरुवारी सकाळी त्यांना खुर्चीत बसवलं. पाय त्या फरशीवर. आईने कोमट पाणी सोडलं, डोक्यावरून. बाबांनी डोळे मिटले. तोंड उघडं, गालावरून पाणी वाहतंय, घशातून हुंकार... आई हसत होती, रडत होती. मी दारात उभी होते. खूप भीती वाटत होती आणि करण्यासारखं काहीच नव्हतं.

अंग पुसलं, धुतलेले कपडे घातले. केस विंचरून घेतले त्यांनी. दुपारी आई जेवण घेऊन गेली, तेव्हा ते गेलेले होते. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. पडणारच होतं म्हणाले.

मिस्त्री भेटायला आला. चहा घेतला. जाताना वर जाऊन त्याने ती फरशी बोटाने वाजवली. मी पायरीवरून ऐकलं.

टण.

भरीव. तो चपला घालून निघून गेला.

मी न्हाणीघराला कुलूप लावलं. आम्ही दोघी खालीच अंघोळ करायला लागलो. घर शांत झालं. मीही हळूहळू विसरायला लागले होते, खोटं कशाला बोलू.

गेल्या आठवड्यात आई भाजी चिरत होती. मी कपाट आवरत होते. आणि वरून...

ठक. ठक.

“आई, नको!”

मी ओरडले, पण हात उठलाही होता. वर्षाची सवय. विळी बाजूला, झाडू उलटा, छताला एक ठोका.

मग ती तशीच उभी राहिली. झाडू वर धरून. माझ्याकडे बघितलं. तिलाही कळलं होतं.

मी झाडू फेकून दिला. किल्ली लपवली. तिला माझ्या खोलीत झोपवते. ती हसते फक्त. काल म्हणाली, “झाडूवर कशाला राग काढतेस? आले म्हणून झालंय ना आता.”

तिची तब्येत चांगली आहे. खाते, पिते, मला बोलते. पण रोज सकाळी जिन्याच्या पायरीवर तिचा टॉवेल आणि धुतलेले कपडे घडी करून ठेवलेले असतात. ती म्हणते, मी ठेवले नाहीत.

मी ते उचलून कपाटात ठेवते. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा जिन्यातच असतात, आदल्या दिवसापेक्षा एक पायरी वर.