लोलक नसलेली घंटा

ही गोष्ट ऐकीव नाही. घडली तेव्हा मी तिथे होते. मंगळवार होता आणि दुपारचे सव्वातीन वाजले होते. दिवसाढवळ्या.

माझ्या मावशीचं जुन्या वस्तूंचं दुकान आहे. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून रजा काढून मी आठवडाभर तिच्याकडे होते. मावशीचं एक ठरलेलं वाक्य आहे, "माणसं थापा मारतात गं. वस्तूंना ते जमत नाही."

रविवारी, दुकान बंद करता करता, सोनेरी चष्म्याचा एक माणूस खोकं घेऊन आला होता. बोलायला गोड. काकू महिन्यापूर्वी वारली, तेव्हाच काकांना वृद्धाश्रमात ठेवलं, आता घर रिकामं करतोय, म्हणाला.

खोक्यात एक आरसा होता, काही चमचे होते, आजारी माणसाला पाजायचा चोचीचा कप होता...

आणि पितळेची एक छोटी घंटा. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या उशाशी ठेवतात तसली.

मंगळवारी मी आतल्या खोलीत कपाट पुसत होते.

टिण्... टिण्.

गिऱ्हाईक आलं वाटून बाहेर आले. दुकानात कोणीच नव्हतं. मावशी तेवढी खुर्चीत बसलेली, पाय स्टुलावर.

"हाक मारलीस का?"

"मी कशाला? मला वाटलं तूच घंटा वाजवतेयस."

घंटा तिच्यासमोर टेबलावर होती. मी उचलून हलवली. आवाजच नाही.

उलटी करून पाहिली...

आत लोलकच नव्हता.

मी ती चटका बसल्यासारखी खाली ठेवली.

टिण्... टिण्.

घंटा जागची तसूभरही हलली नव्हती.

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. "मावशी, ही बाहेर फेकून दे!"

मावशीचाही चेहरा उतरला होता. पण ती म्हणाली, "घाबरायचं नंतर. आधी भिंग दे."

बराच वेळ ती घंटेच्या आत बघत राहिली.

"घंटा जुनी आहे, काळवंडलीय. पण लोलकाची कडी जिथे कापलीय ना, तिथलं पितळ अजून चकाकतंय. पकडीने तोडलीय. आणि फार दिवस झाले नाहीत."

"म्हणजे?"

"म्हणजे कोणीतरी हाक मारत होतं आणि कोणाला तरी ती ऐकायची नव्हती."

मग तिने खोक्यातून चोचीचा कप काढला. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला होता. चोचीत काडी घातली आणि नाकाशी धरली.

"दूध. आंबलंय, पण अजून ओलं आहे."

"बरं, मग?"

"अगं, काकू महिन्यापूर्वी गेली, काका तेव्हाच वृद्धाश्रमात गेले ना? मग परवापर्यंत या कपातून दूध कोण पीत होतं?"

माझ्या मनात पाल चुकचुकली. त्या माणसाला फोन लावला. बंद.

टिण्... टिण्.

"काठी दे माझी," मावशी म्हणाली. "पावतीवर पत्ता आहे."

घराला बाहेरून कुलूप होतं. शेजारची शिंपीण म्हणाली, "पुतण्या रविवारी बॅगा घेऊन गेला. काकांना? जाताना तरी नाही पाहिलं बाई."

मावशीने पोलिसांना फोन केला, पण ते येईपर्यंत थांबली नाही. शिंपिणीच्या नवऱ्याने कुलूप तोडलं.

आत अंधार होता. कोंदट वास येत होता. जिन्यावरची खोली... तिलाही बाहेरून कडी.

मी कडी काढली.

पलंगावर काका होते. जिवंत! हातपाय लुळे पडलेले, आवाज जेमतेम. दुसरा पलंग रिकामा होता.

मावशी त्यांच्या उशाशी बसली. "काका, घाबरू नका. आम्ही आलोय."

काका पुटपुटले, "घंटा ऐकलीत?"

मावशीने माझ्याकडे पाहिलं.

"मला ओरडता येत नाही. म्हणून माझ्यासाठी बायको वाजवायची. दोनदा वाजली की पाणी..." त्यांचे डोळे भरून आले. "त्याने घंटेची जीभच तोडली."

पुतण्या चार दिवसांनी सापडला. घर परस्पर विकून पसार व्हायचा त्याचा बेत होता. घंटेबद्दल पोलिसांना एवढंच म्हणाला, "सारखी वाजवायची म्हातारी. डोकं उठायचं."

काका वाचले. आता खरोखरच वृद्धाश्रमात आहेत, मावशी दर आठवड्याला भेटून येते.

पण डॉक्टर तेव्हा चक्रावले होते. "या वयात, या उकाड्यात, दोन दिवस पाण्याशिवाय? शक्य नाही. यांना कोणीतरी पाणी पाजत होतं."

खोलीत नळ नाही. खिडकीला आतून खिट्टी होती आणि दाराला बाहेरून कडी.

पलंगाशेजारी पाण्याचा ग्लास होता. अर्धा भरलेला.

"तो तुम्ही भरलात ना?" पोलिसांनी विचारलं.

मावशी सरळ हो म्हणाली. बाहेर आल्यावर माझा दंड घट्ट धरून कुजबुजली, "मग दुसरं काय सांगणार होते?"

मावशीला मात्र मी एक गोष्ट अजून सांगितलेली नाही.

ती काकांशी बोलत होती, तेव्हा मी त्या ग्लासाकडे बघत होते. पाणी गार असावं, कारण काच बाहेरून धुरकटली होती...

आणि त्या धुरकट काचेवर बोटं उमटलेली होती. बारीक, म्हाताऱ्या बाईची असावीत तशी. पाच.

माझ्या डोळ्यांदेखत, ग्लास सोडावा तसं, एकेक बोट सुटत गेलं.