टाकीतली तपकिरी फुलं

दादाचा आमच्या सगळ्यांपेक्षा त्याच्या टाकीवर जास्त जीव होता, आणि हे तो लपवायचाही नाही. हॉलची एक अख्खी भिंत अडवून बसलेली खाऱ्या पाण्याची टाकी, दगडांवर वाढवलेली जिवंत प्रवाळं आणि चार-दोन मासे. मी त्याची धाकटी बहीण. लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते, म्हणून तो मला ‘डास’ म्हणायचा.

म्हणायचा, कारण झटका आल्यापासून त्याची वाचा गेली होती आणि उजवं अंग लुळं पडलं होतं. दादा दातांच्या कवळ्या बनवायचा. सगळं पोट त्या उजव्या हातावर. हात परत यायचा असेल तर सुरुवातीच्या काही महिन्यांतच येईल, असं डॉक्टर म्हणाले होते. वहिनीनं त्याची कॉट टाकीसमोर आणली, आणि टाकीची साफसफाई माझ्याकडे आली.

एका दगडावर मला नखाएवढी तपकिरी फुलं दिसली. बोट जवळ नेलं की स्वतःला आत ओढून घ्यायची. ही समुद्रफुलं म्हणजे टाकीतलं तण. डंख करून प्रवाळं मारतात. मी ब्लेडनं ती खरवडली आणि निवांत हात धुतले. थोड्याच दिवसांत टाकीभर तीच.

मासे विकणाऱ्या दुकानदारानं कपाळावर हात मारला. “अहो, तुम्ही तर पेरणी केलीत. कण जरी उरला तरी त्याचं नवं फूल होतं. याला सुईनं मारायचं. चुना कालवायचा आणि थेट तोंडात सोडायचा.”

सुई म्हटल्यावर मला हायसं वाटलं. तो माझाच प्रांत.

त्याच सुमारास वहिनीचा फोन आला. “यांची करंगळी हलली गं.” मी हातातलं काम टाकून गेले. खरंच हलत होती. मी लहान मुलीसारखी रडले.

रडून झाल्यावर सुई भरली आणि टाकीची एक बाजू साफ करून टाकली. संध्याकाळी करंगळी पुन्हा थंड पडली. असं कमी-जास्त होतंच, मी वहिनीला समजावलं. फुलं परत आली, तशी करंगळीही हलू लागली, शेजारचं बोटसुद्धा. मी परत फुलं मारली. बोटं परत गेली.

पुढच्या वेळी मी सुई काढली तेव्हा वहिनी टाकीला पाठ लावून उभी राहिली.

“वहिनी, योगायोग आहे हा. तू तरी असं काही डोक्यात घेऊ नकोस.”

“मग दाखव करून. मी यांचा हात धरून बसते.”

तिनं दादाचा हात मांडीवर घेतला. मी सर्वांत मोठं फूल निवडलं, सुईचं टोक त्याच्या तोंडात टेकवलं आणि दाबलं. पांढरा चुना आत भरला. फूल आक्रसलं.

मी मागे वळले. दादाची तर्जनी टोकापासून आत गुंडाळत चालली होती, सांधे नसल्यासारखी. मग ती पांढरी पडली. दादाच्या डोळ्यांतून पाणी आलं.

“बास,” वहिनी म्हणाली.

“अशानं टाकी मरेल.”

“मरू दे.”

मी सुई खाली ठेवली. मला भीती वाटली, आणि भीतीचीच लाजही वाटली. नंतर बरेच दिवस मी कामाचं निमित्त काढून तिकडे फिरकले नाही.

वहिनीनंच बोलावलं. दार उघडलं तेव्हा तिचा हात कोपरापर्यंत ओला होता, आणि हातात ब्लेड होतं. टाकीतली प्रवाळं हाडासारखी पांढरी झाली होती. मासा एकही नव्हता. दगड, काच, पंपाची नळी, सगळ्यावर तपकिरी फुलं डुलत होती.

“रोज खरवडते,” ती म्हणाली. “बघ, किती सुधारलेत.”

दादा खुर्चीत बसला होता. उजवा हात खुर्चीच्या हातावर, तळवा वर. पाचही बोटं सावकाश उघडत होती, मिटत होती. मला इतका आनंद झाला की टाकी विसरले.

“आता स्वतःच्या हातानं जेवतात,” वहिनी म्हणाली.

तिनं उकडलेला बटाटा कुस्करला आणि एक घास त्याच्या तळव्यावर ठेवला.

बोटं हळूहळू त्याच्यावर मिटली.

मी हात वर उचलला जाण्याची वाट पाहत राहिले. तो उचलला गेला नाही. दादाचं तोंड घट्ट मिटलेलं होतं. तो फक्त माझ्याकडे बघत होता.

मग मूठ उघडली.

तळवा स्वच्छ होता.

“आज भूक चांगली आहे,” वहिनी म्हणाली, आणि तिनं दुसरा घास ठेवला.