ठोकळ्या दर्यात का उतरला?

"अगं आत्या, धाव! तुझा ठोकळ्या पुन्हा पाण्यात शिरला!"

ऊर्मीने आरोळी ठोकली आणि चांदणवाडीतल्या लोकांनी कपाळावर हात मारून घेतला. चांदणवाडी म्हणजे चंद्रावरची मराठी माणसांची पहिली वसाहत. तिच्या मधोमध पिण्याच्या पाण्याचा तलाव होता. घरची आठवण म्हणून सगळे त्याला लाडाने 'दर्या' म्हणत. त्या दर्यात ठोकळ्या नावाचा यंत्रमानव छातीभर पाण्यात उभा राहून टकामका बघत होता. हात रिकामे!

बरं, ठोकळ्याला हुकूम काय होता? 'दोऱ्या घे आणि दऱ्या बघून ये.' वसाहतीबाहेरच्या खोल, अंधाऱ्या दऱ्यांमध्ये बर्फ आहे का, हे त्याने शोधायचं होतं. ठोकळ्याला कान नव्हते, त्यामुळे हुकूम लिहूनच द्यावा लागे. लिहिला तर होता अगदी शुद्ध. मग हा बाबा पाण्यात कशाला उतरला?

"आता पुरे झालं, अलकाताई!" वसाहतप्रमुख कऱ्हाडकरबाई कडाडल्या. "तुमचा तो बोरू आजच्या आज काढून टाका. यंत्रांना मराठी झेपत नाही, हेच खरं. यापुढे हुकूम इंग्रजीतून. आठवडाभर या ठोंब्याला माझं नावसुद्धा धड लिहिता येत नाहीये!"

अलकाआत्याचा चेहरा पडला. 'बोरू' हा तिने घडवलेला संपादक (संगणकावर मजकूर लिहायला, खोडायला आणि नीटनेटका करायला मदत करणारी आज्ञावली). मराठीत लिहिलेलं यंत्राला कळलंच पाहिजे, या एका हट्टापायी तिने त्यात उमेदीची वर्षं घातली होती. आत्याचे डोळे भरून आलेले पाहून ऊर्मी पुढे झाली.

"बाई, जेवणापर्यंत तरी थांबा ना! आम्ही चूक शोधतो."

"पानं वाढेपर्यंत थांबते. त्यापुढे एक क्षण नाही."

ठोकळ्याला बाहेर काढून पुसता पुसता ऊर्मीने विचारलं, "आत्या, हे खूळ कधीपासून लागलं गं याला?"

"बोरूची नवी आवृत्ती घातली तेव्हापासून. छान छान सोयी दिल्यात गं मी! चुकून खोडलेलं परत आणता येतं, लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवता येतं. आणि झाडलोट! मजकूर पुढे पाठवताना जास्तीच्या मोकळ्या जागा, चुकून पडलेली टिंबं, सगळा केर बोरू आपोआप काढतो."

"तरीच परवा आचाऱ्यांना बोलाव म्हटलं, तर याने योगासनं शिकवणाऱ्या आचार्यांना ओढत स्वयंपाकघरात आणलं! बिचारे शीर्षासनात होते."

एवढं बोलून ऊर्मी थबकली. ठोकळ्याच्या छातीवर एक पाटी होती. आलेला मजकूर तिच्यावर उमटे. आत्ता तिथे लिहिलेलं होतं, 'दोर्या घे आणि दर्या बघून ये.'

"आत्या! आपण हे लिहिलंच नव्हतं! आणि बघ, वर बाईंचं नाव 'कर्हाडकर' आलंय. माझं ऊर्मी मात्र नीट आहे. रफार शाबूत, पण तो आडवा, कोयरीसारखा र गायब!"

आत्या ताडकन उठली. "थांब, थांब! संगणकाला अक्षरं ओळखू येत नाहीत, फक्त आकडे कळतात. म्हणून प्रत्येक अक्षराला एक आकडा दिलेला असतो. जोडाक्षर करायचं तर र, मग पाय मोडल्याची खूण, मग य, असे तीन आकडे ओळीने ठेवायचे. त्याचा 'र्य' होतो, सूर्यातला."

"आणि दऱ्यांमधला?"

"तिथला र वेगळा. त्याच्या पोटाखाली एक टिंब असतं. नुक्ता म्हणतात त्याला. असा टिंबवाला 'ऱ' पाय मोडून य ला जोडला, की 'ऱ्य' होतो. गंमत म्हणजे जोडल्यावर ते टिंब दिसत नाही, पण आकड्यांमध्ये असतं!"

"आणि तुझ्या झाडलोटीने केर समजून तेच झाडून टाकलं!"

"अगं बाई गं!" आत्याने डोक्याला हात लावला. "करायला गेले गणपती आणि झाला मारुती! एवढंसं टिंब गेलं, तर दऱ्यांचा दर्या झाला. दोऱ्यांचा तर असा शब्द झाला, की त्याला अर्थच नाही. म्हणून हा रिकाम्या हाताने गेला!"

मग आत्याची बोटं अशी चालली म्हणता! बोरूला तिने नवा नियम शिकवला. टिंब दिसलं की आधी बघायचं, ते कोणाचं आहे. र चं असेल तर हात लावायचा नाही. दुरुस्त बोरू ठोकळ्यात उतरला तेव्हा पानं मांडली जात होती. कऱ्हाडकरबाई कमरेवर हात ठेवून दारात उभ्या राहिल्या.

ऊर्मीने तोच हुकूम पुन्हा लिहिला. ठोकळ्या हलला. दर्याच्या काठावर जाऊन थांबला. ऊर्मीने डोळे गच्च मिटले. पण त्याने काठावरच्या दोऱ्या उचलल्या, खांद्यावर टाकल्या आणि ऐटीत बाहेरच्या दाराकडे निघाला. जाता जाता वळला. पाटी उजळली, 'नमस्कार, कऱ्हाडकरबाई!'

सगळी वसाहत टाळ्या पिटत नाचू लागली. बाई दोनदा खाकरल्या. "हं. आता कसं माझं नाव माझं वाटतंय. अलकाताई, बोरू राहू द्या."

आत्याने ऊर्मीला उचलून गरगर फिरवलं. चंद्रावर वजन कमी भरतं, त्यामुळे दोघी चांगल्याच उंच गेल्या.

"पुढे काय करायचं गं?" खाली येता येता आत्याने विचारलं.

"गोंडी, कोरकू, अहिराणी, सगळ्या शिकवू बोरूला! त्यांच्यातही असं काहीतरी असणारच. झाडू हातात घ्यायच्या आधी त्या लोकांना विचारू."

जेवणं अर्धी झाली असतील नसतील, तोच भिंतीवरच्या पडद्यावर दूरवरून ठोकळ्याची अक्षरं उमटली. प्रत्येक र जिथल्या तिथे होता.

'दऱ्या पाहिल्या. कोपऱ्याकोपऱ्यात बर्फ आहे.'