एक डोकं कमी

"हे नारळ किती आहेत?" शिवरंजनीनं विचारलं, आणि मल्लिनाथनं सवयीनं "किती देऊ?" म्हटलं. तिला एकही नको होता. तुळजापुरात देवळाच्या वाटेवर खांबाला कॅमेरा लावलेला. त्याचे फोटो बघून गर्दीचा अंदाज सांगणारं न्यूरल नेटवर्क ही धाराशिवची इंजिनिअर पोरगी तयार करत होती. ते मल्लिनाथच्या दुकानापुढं रोज दोनशे भाविक जास्त दाखवत होतं. रचलेल्या शेंडीच्या नारळांना ते डोकी समजत होतं.

"मग झाकून ठिवू का?" तो म्हणाला. "पन मग गिऱ्हाईक बी मोजायला उरणार न्हाय."

तिनं हसू आवरलं. कोजागरीच्या दिवशी देवस्थानचे लोक माणसांनी केलेल्या मोजणीशी यंत्राचा आकडा ताडून बघणार होते. फरक जास्त निघाला, तर वर्षभराची मेहनत पाण्यात जाणार होती.

यंत्राला शिकवायचं म्हणजे फोटोतल्या प्रत्येक डोक्यावर एकेक ठिपका द्यायचा आणि नारळ तेवढे सोडायचे. मोठं कंटाळवाणं काम. दुपारी दुकान थंड असे, तेव्हा मल्लिनाथ मदतीला बसू लागला. त्याची आई नीलम्मा दोघांना चहा देई आणि उगाच रेंगाळे. ठिपके देता देता तो माणसं ओळखायचा — हा फेटेवाला नळदुर्गचा, तासभर भाव करतो आणि घेतो एकच नारळ. शिवरंजनी दुपारची वाट बघू लागली. हे तिनं स्वतःशी कबूलही केलं, बाकीच्या नोंदींसारखंच, शांतपणे.

कोजागरीला चार दिवस असताना तिनं त्याचं काम तपासलं. बत्तीस फोटोंत एकेक डोकं सुटलेलं. दुसरी चूक शोधून सापडेना. तिनं एक फोटो मोठा केला... दुकानापुढं वही घेऊन ती स्वतःच उभी होती. बाकीच्या एकतीस फोटोंतही तीच.

ती तडक दुकानात गेली. "मलाच तेवढं का सोडलंत?"

मल्लिनाथच्या हातातली कुंकवाची पुडी तशीच राहिली. "बाकी समदी गर्दी हाय," तो खाली बघत म्हणाला. "तुमाला गर्दीत धरायला... हात धजंना."

तिचे कान तापले. तो तिला आवडला होता, सरळ सरळ आवडला होता. तरी तिनं लॅपटॉप उघडला आणि बत्तीस ठिकाणी स्वतःच्या डोक्यावर ठिपका दिला. त्याचा चेहरा पडला.

"कामात खोटं चालत नाही," ती म्हणाली. "तुमच्या बोलण्याचं कोजागरीनंतर बघू."

पुढचे चार दिवस त्याचं गिऱ्हाइकात लक्ष नव्हतं. कोजागरीला यंत्राचा आकडा आणि माणसांची मोजणी यांत शंभराला सहाचाच फरक निघाला आणि काम मंजूर झालं. ती थेट दुकानाशी आली. ऐन गर्दीत, गिऱ्हाइकांच्या खांद्यांमधून वाट काढत.

"मला जे सांगितलंत, ते आता आमच्या घरी येऊन सांगा," ती म्हणाली. "आईंना घेऊन या."

मल्लिनाथनं समोरच्या गिऱ्हाइकाला एकाऐवजी दोन नारळ दिले. नीलम्मानंच आतून विचारलं, "रविवारी आलं तर चालंल का, बाई?"