पुष्पावतीचा भोंगा

भूतबित मी मानत नाही. हे आधीच सांगते, म्हणजे कमेंटमध्ये कोणी मला अक्कल शिकवायला नको. आमच्या घरात अंगारा-धुपारा नाही, देवऋषी नाही. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, एवढंच. तरीही हे घडलं. आणि माझ्याच तोंडून घडलं.

मी कल्याणी. दिली निमगाव सावाला, माहेर मढ, माळशेज घाटाच्या अलीकडं. माहेरच्या घरामागं धरणाचं पाणी आहे. गेल्या श्रावणातली संध्याकाळ होती. माझ्या धाकट्या भावाच्या, कपिलच्या मुलाचं बारसं होतं.

मला अजून एक भाऊ होता. थोरला. समाधान.

तो नेव्हीत होता. लढाऊ जहाजांना नद्यांची, डोंगरांची, शहरांची नावं देतात म्हणे. त्याच्या जहाजाचं नाव होतं पुष्पावती. आमच्याकडून वाहते तीच नदी! पहिल्या फोनवर तो नुसता ओरडत होता. "आई, मी आपल्याच नदीवर हाय गं!" आईनं महिनाभर गावाला दुसरं काही बोलू दिलं नाही.

पाच वर्षांपूर्वी पावसाळ्यात, धुक्यात, पुष्पावतीची दुसऱ्या एका जहाजाशी टक्कर झाली. जहाज बुडालं नाही. पण ज्या बाजूला मार बसला त्या बाजूला समाधान होता.

त्या बाजूच्या बाकीच्यांचे देह मिळाले.

त्याचा मिळाला नाही.

आई रडली नाही. आलेल्या बायांना म्हणाली, "माती केल्याबिगर मेला म्हनू नका. पोहनारा गडी हाय माझा."  

त्याच वर्षी श्रावणात तिचा मला फोन आला.

"कल्याणी, धरनावर भोंगा वाजतोय."

"आई, घाटात ट्रक असंल."

"ट्रकचा मला कळत न्हाई व्हय? एकच वाजतो, लांब. मग थांबतो. मग परत एकच. लांबून येतोय."

मला राग आला. खोटं कशाला बोलू? वाटलं, आईचं डोकं फिरायला लागलंय. दोन दिवसांनी मी माहेरी गेले. तिन्हीसांजेला धुकं उतरलं. मी मागच्या पडवीत तांदूळ निवडत बसले होते.

आधी बेडूक गप्प झाले.

मग कुत्री.

मग... पाण्यावरून तो आवाज आला. खोल. छातीत घुमणारा. एकच.

माझ्या हातातलं सूप खाली पडलं. आई मात्र हसत होती. "ऐकलंस? वाट शोधतोय बिचारा."

दर पावसाळ्यात हे असंच. धुकं पडलं की भोंगा, आणि भोंगा वाजला की पडवीतून आईची हाक, "समाधान!" आणि दरवर्षी तो जरा जवळ आल्यासारखा वाटायचा. कपिल म्हणायचा, घाटात आवाज घुमतो. मीही तेच म्हणायचे. मोठ्यानं म्हणायचे.

मग कपिलला मुलगा झाला. त्याची बायको अमृता लाखातली पोरगी. ती म्हणाली, "भाऊजींचं नाव ठेवू या. घरात हाक तर राहील."

आई कडाडली. "जित्या मानसाचं नाव पोराला देत्यात का? शुद्धीवर हाय का तू?"

आठवडाभर घरात कोणी कोणाशी धड बोललं नाही. बारशाचा दिवस आला तरी नाव ठरलं नव्हतं.

त्या दिवशी दुपारी ऋषी आला. ओतूरचा, समाधानबरोबर त्याच जहाजावर होता. सुट्टीवर आला की आईला भेटल्याशिवाय जात नाही. चहा पिताना सहज बोलून गेला, "मावशी, नवी पुष्पावती पाण्यात उतरली. तेच नाव दिलंय. नारळ फोडून, बाईच्या हातानं."

आईची बशी हातातच राहिली.

"मंग जुनी?"

"जुनी मोडीत काढली. टकरीनंतर ती सरळ झालीच न्हाई. जुनं जहाज असंस्तवर नाव दुसऱ्याला देत न्हाईत."

 आईनं पदर तोंडाला लावला आणि ती रडली... चार वर्षांचं रडली. अमृता, मी, आम्ही तिघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडलो. शेवटी तीच उठली. डोळे पुसले. म्हणाली, "ठेव कल्याणी. समाधानच ठेव. सरकारनं जहाजाचं दुसरं नाव केलं न्हाई, मी पोराचं कशाला करू?"

दिवेलागणीला बारसं. बुद्धवंदना झाली. घुगऱ्यांचा वास घरभर सुटला होता. बाया पाळणा म्हणत होत्या. बाहेर धुकं इतकं की अंगणातला आंबा दिसेना.

आत्या म्हणून मी पाळण्यावर वाकले.

आणि बेडूक गप्प झाले.

भोंगा वाजला. यावेळी लांबून नाही. घराच्या अगदी मागं. पाळण्याची दोरी हातात थरथरली. बायांचं गाणं तुटलं.

तो संपला... आणि लगेच दुसरा वाजला. तसाच लांब. असं आधी कधीच झालं नव्हतं. नेहमी एकच वाजायचा.

मी आईकडं पाहिलं. ती मागच्या दाराकडं बघत होती. मग तिनं मान फिरवली आणि हळूच म्हणाली, "दे नाव. मोकळा कर त्याला."

मी बाळाच्या कानात कुर्र केलं.

"समाधान."

बाहेर तिसऱ्यांदा भोंगा सुरू झाला होता. तो मधेच तुटला. कोणी तोंडावर हात ठेवावा तसा.

मग काहीच नाही. बेडूकसुद्धा नाहीत. बाळ टक्क डोळ्यांनी माझ्याकडं बघत होतं.

कोणीतरी म्हणालं, "काय बाई हे ट्रकवाले!" सगळ्या हसल्या. घुगऱ्या वाटल्या. मीही हसले.

ऋषी ओट्यावर बसला होता. मी द्रोण घेऊन गेले, तर पोरगा पांढराफटक पडलेला.

"ताई, तो ट्रक नव्हता."

"मग काय होतं?"

"धुक्यात जहाज चालत असलं की एक लांब भोंगा देत राहतं. आमी येतोय, सांभाळा. टक्कर व्हऊ नये म्हनून."

"आणि दोन?"

तो माझ्याकडं बघेना. "दोन म्हंजी इंजिन बंद केलं. थांबलोय."

मागं दारात आई उभी होती. कधी आली, कळलंच नाही. हातात घुगऱ्यांचं पातेलं.

"म्हंजी पोचला व्हता तो?"

ऋषी ओट्यावरून उठला.

"दारात येऊन उभा व्हता माझा लेक... आन् मी त्याचं नाव दुसऱ्याला द्यायला लावलं?"

 पातेलं तिनं शांतपणे खाली ठेवलं आणि मागच्या दाराकडं गेली. धुक्यात उभी राहून तिनं हाक मारली. "समाधान! ये रं बाबा!"

आत पाळण्यात बाळ रडायला लागलं.

त्यानंतर भोंगा एकदाही वाजला नाही. यंदाचा अख्खा श्रावण गेला. धुकं तेवढंच पडलं, आई तशीच पडवीत बसली. बेडूक रात्रभर ओरडत राहिले. गावातले म्हणतात, बरं झालं, सुटला बिचारा. मला तसं वाटत नाही. नाव ऐकूनच तो इतका लांब आला असेल, तर आता त्याला बोलवायचं कशानं?

बाळ गुटगुटीत आहे. सगळे त्याला समाधान म्हणतात. आई म्हणत नाही. ती नुसतं 'बाळा' म्हणते.

परवा तिचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलली. ठेवायच्या आधी आवाज बारीक करून विचारलं,

"कल्याणी, एकदा दिलेलं नाव परत घेता येतं का गं?"

मी अजून तिला काही सांगितलेलं नाही.