साल्गेर्दुर हे नाव आम्हाला कुठून मिळालं

हे खरं आहे. विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. वाद घालायला माझ्यात त्राण उरलेलं नाही.

गाव ईसाफ्योर्दुर, आइसलंडचा वायव्येकडचा कोपरा. दिवस २५ जानेवारी, चार वर्षांपूर्वीचा. वेळ दुपारी दीडची.

हो, दुपारची. रात्र नव्हती, वादळ नव्हतं, दिवेही गेले नव्हते. उलट त्याच दिवशी दोन महिन्यांनी डोंगरामागून ऊन आमच्या गल्लीत आलं होतं, आणि माझ्या स्वयंपाकघरात बारा माणसं साय भरलेली गोड धिरडी खात होती.

माझ्या मुलीचं नाव साल्गेर्दुर. तरणतलावावर, दवाखान्यात, बालवाडीत, कुणीही हे नाव ऐकलं की तेच प्रश्न. अर्थ काय? कुठलं आहे? आता कोण ठेवतं असलं नाव?

अर्थ मी पाठ करून ठेवलाय. साल् म्हणजे घर, मोठी खोली. गेर्दुर म्हणजे कुंपण. घर राखणारी, असं समजा. नाव जुनं आहे, फार जुनं. आणि कोण ठेवतं म्हणाल, तर आमच्या गावात कुणीच नाही. चर्चच्या बाईंनी वह्या चाळून सांगितलं, त्यांच्या आजीच्या वेळेपासून एकही नाही.

मग तुम्हाला कसं सुचलं?

मी म्हणते, घराण्यातलं आहे.

ते खोटं आहे.

मला आठवा महिना होता. नोव्हेंबर. माझा नवरा केतिल मासेमारीच्या बोटीवर, महिना महिना समुद्रात. पाठ इतकी दुखायची की रात्री डोळ्याला डोळा लागायचा नाही. म्हणून दुपारी जेवण झालं की मी सोफ्यावर पडायचे.

त्या दुपारी स्वप्न पडलं.

एक बाई आमच्या दारात उभी होती. मधल्या वयाची, दमलेली. तिने बूट काढून हातात धरले होते, शहाण्या पाहुण्यासारखे.

"मी साल्गेर्दुर," ती म्हणाली. "इथे राहू का?"

आमच्याकडे गरोदर बाईच्या स्वप्नात मेलेलं माणूस येतं आणि राहायला जागा मागतं. खरं तर ते नाव मागत असतं. माझं नाव बाळाला द्या, म्हणजे मला घर मिळेल. हे आमच्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

मलाही माहीत होतं. पण मला झोप हवी होती हो. दुसरं काही नको होतं.

मी म्हटलं, "राहा बाई. पण आवाज करू नकोस, मला झोपू दे."

तिने मान हलवली आणि बूट माझ्या बुटांशेजारी ठेवले.

जागी झाले तेव्हा तिथे माझेच बूट होते. शेजारची फरशी तेवढी... ओली होती.

मी ती पुसली आणि कुणाला काही बोलले नाही. कारण बाळाचं नाव कधीच ठरलेलं होतं. मुलगी झाली तर आल्दीस, माझ्या सासूचं. केतिल तिचा एकुलता एक. सत्तरी ओलांडेपर्यंत तिने नातवंडाची वाट पाहिली होती. तोंडाने कधी बोलली नाही, पण मला दिवस गेल्याचं कळल्यापासून तिची चालच बदलली होती.

डिसेंबरात मुलगी झाली.

बाप्तिस्म्याआधी आम्ही नाव उच्चारत नाही. बाप्तिस्मा २५ जानेवारीला ठरला. तोवर सात आठवडे सगळे तिला नुसतं "बाळ" म्हणत होते.

आणि बाळ रडत होतं.

काय सांगू तुम्हाला. दूध पाजा, रडायचं. कडेवर घ्या, रडायचं. नाताळात केतिल घरी होता तेवढे दिवस निभले, मग तो परत समुद्रावर गेला. मी उभ्या उभ्या जेवायचे. एकदा तर केसांना साबण तसाच राहिला आणि मी दिवसभर तशीच फिरले.

दुपारी मात्र मी तिला बाबागाडीत घालून मागच्या दारी ठेवायचे, लोकरीत गुंडाळून, आमच्याकडे थंडीतही सगळे झोपायला ठेवतात तशी. बाळाचा आवाज ऐकवणाऱ्या मॉनिटरचा एक तुकडा गाडीत, दुसरा माझ्या स्वयंपाकाच्या ओट्यावर. तिथेही ती रडायची. मी काचेतून बघत बसायचे.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात एका दुपारी मॉनिटर गप्प झाला.

एकदम गप्प.

मी धावणार, तेवढ्यात त्यातून... गुणगुणणं ऐकू आलं.

बाईचा आवाज. सूर नीट नव्हता, पण घाई नव्हती. मग गाडीच्या चाकांची कुरकुर. मागे, पुढे. मागे, पुढे.

मी दार उघडलं. ताजा बर्फ पडलेला. गाडीपर्यंत माझ्याच पावलांचे ठसे, दुसरे नाहीत. बाळ गाढ झोपलेलं. गाडी हलत नव्हती, पण तिच्या चाकांखालचा बर्फ हातभर लांब... दाबला गेला होता.

तुम्ही म्हणाल, मी बाळाला उचलून आत पळाले असेन.

नाही. मी दार लावलं, सोफ्यावर पडले आणि तीन तास झोपले.

बाळ झाल्यापासून पहिल्यांदा सलग तीन तास. याची मला अजून लाज वाटते, पण लिहायचं तर सगळं लिहायला हवं. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. तिसऱ्या दिवशी मी गाडी बाहेर नेली आणि आवाजाची वाटच बघत बसले. मी माझी पोरगी कुणाच्या हाती देत होते ते मला कळत होतं.

एकोणीस तारखेला आल्दीस आली. तिच्याकडे चावी होती, मी झोपले होते. जाग आली तेव्हा ती ओट्यापाशी उभी होती, कोट अंगातच, आणि मॉनिटर हातात.

"हे कोण गातंय?"

मी मॉनिटर घ्यायला हात पुढे केला. तिने दिला नाही.

"हेर्दिस, मी विचारतेय. कुणाला राहायला दिलंस?"

मग मी सगळं सांगितलं. सांगताना रडायलाही जमेना, इतकी दमले होते. ती कोटासकट खुर्चीवर बसली.

"नाव सांगितलं तिने?"

"साल्गेर्दुर."

"आमच्यात कुणी नाही या नावाची. तुमच्यात?"

"नाही."

"म्हणजे कुणाचीच नाही बिचारी." तिने मॉनिटर खाली ठेवला. "राहा म्हणालीस ना? मग आता दारात किती दिवस उभी ठेवणार? नाव देऊन टाक तिला."

"आणि तुझं?"

"माझं काय. मी जिवंत आहे, मला राहायला घर आहे."

"आल्दीस, तू इतकी वर्षं..."

"गप्प बस. आधी डोकं धू तुझं, वास येतोय."

ती गेली तेव्हा मी खिडकीतून पाहिलं. कोपऱ्यापर्यंत ताठ चालली. कोपऱ्यावर भिंतीला हात लावून थांबली. मला फार वाईट वाटलं. तरी आतून सुटल्यासारखंही वाटलं, कारण आता हे संपणार होतं.

पंचवीस तारखेला सकाळी घरातच बाप्तिस्मा झाला. केतिल आदल्या दिवशी परत आला होता. नाव ऐकून तो आधी माझ्याकडे, मग आईकडे बघत राहिला. आई म्हणाली, "तोंड मिट, माशी जाईल." लोक हसले. पाद्रीबाईंनी डोक्यावर पाणी घातलं. साल्गेर्दुर.

बाळ रडलं नाही.

पाण्यालाही नाही. तिने डोळे उघडले आणि घरभर नजर फिरवली. भिंती, छत, दार. नवीन भाडेकरू खोली बघतो ना, तशी. मग माझ्या मांडीवर निवांत झाली.

ऊन खिडकीत आलं. सगळ्यांनी धिरडी घेतली, कॉफी ओतली. मला वाटलं, सुटले एकदाची.

दीड वाजता ओट्यावरच्या मॉनिटरमधून... बाळ रडायला लागलं.

"उठलं वाटतं," केतिल बशी ठेवत म्हणाला, आणि दाराकडे वळला.

मग त्याने माझ्या मांडीकडे पाहिलं.

सगळ्यांनीच पाहिलं. साल्गेर्दुर जागी होती. शांत. तोंड मिटलेलं. आणि मॉनिटरमधून रडणं वाढतच होतं.

मी तो आवाज ओळखला. कुठलीही आई ओळखेल. सात आठवडे दुसरं काही ऐकलंच नव्हतं मी.

केतिल बाहेर जाऊन आला. "गाडी रिकामी आहे. शेजारच्या कुणाच्या मॉनिटरचा आवाज येत असेल." आमच्या गल्लीत दुसरं बाळ नाही. पण लोकांनी लगेच माना डोलावल्या, आणि तासाभरात घर रिकामं झालं.

तिसऱ्या दिवशी केतिल समुद्रावर गेला.

रडणं रोज यायचं. दुपारी, झोपेच्या वेळी. मी एकदा मॉनिटरची बॅटरी काढली. तासभरसुद्धा राहवलं नाही. बंद केलं म्हणून ती रडायची थांबली असेल का? नुसती मला ऐकू येत नसेल, एवढंच.

म्हणून मी बाहेर जायचे आणि रिकामी गाडी हलवायचे. दमली की ती थांबायची. आत गेर्दा... साल्गेर्दुरला आम्ही गेर्दा म्हणतो... ती एकटी पडून राहायची, चकार शब्द न काढता. रात्रभर झोपायची. दवाखान्यातली नर्स म्हणाली, नशीबवान आहेस.

अकराव्या दिवशी आल्दीसने मला तिथे गाठलं.

"किती वेळ उभी आहेस?"

"ती थांबेपर्यंत."

ओटा उघड्या दाराशीच होता. मॉनिटरमधलं रडणं बाहेर येत होतं. आल्दीस ऐकत राहिली.

"ही कोण, कळलंय ना तुला?" तिने हळूच विचारलं.

"माझी आहे," मी म्हटलं. "बाळ बाळ म्हणत होतो ती. घरात जागा एकच होती, आल्दीस. ती मी देऊन टाकली."

तिने मला जवळ घेतलं नाही. तशी ती नाहीच. तिने हातमोजे काढून माझ्या हातात दिले. वाकली. रिकाम्या गाडीत हात घातला आणि बाळाच्या छातीवर ठेवावा तसा धरला.

"तुझं नाव आल्दीस," ती स्पष्ट म्हणाली, पाद्रीबाई म्हणतात तशी.

रडणं थांबलं.

एक हुंदका... आणि मग काही नाही. आम्ही दोघी बर्फात उभ्या होतो. मग मॉनिटरमधून श्वास ऐकू यायला लागला. झोपलेल्या बाळाचा, लहान, एकसारखा.

या गोष्टीला चार वर्षं झाली. मला काही कळलेलं नाही. साल्गेर्दुर कोण होती, कुठे मेली, कुणालाही माहीत नाही. केतिल म्हणतो, तुझी झोप झाली नव्हती. असेल.

गेर्दा चांगली मुलगी आहे. जेवते, खेळते, आपली भांडी आपण उचलते. माझं तिच्यावर प्रेम आहे, कसं नसेल? पण मला "आई" म्हणायच्या आधी ती दर वेळी क्षणभर थांबते, विचारून घेतल्यासारखी.

गाडी मागच्या दारीच आहे. लोक मागतात, मी देत नाही. मॉनिटर सुरू असतो. त्यातला श्वास चार वर्षांत जराही मोठा झालेला नाही.

आल्दीस रोज दुपारी येते, कॉफी ओतून घेते आणि विचारते, "झोपलीये ना?"

मी म्हणते, "झोपलीये."

ती आता थकली. जिना चढताना दोनदा थांबते. परवा निघताना दाराशी उभी राहून म्हणाली, "हेर्दिस, मी मेले की गाडीतल्या आल्दीसला माझ्याकडे दे. मी सांभाळीन. मग तू झोप."

मी अजून हो म्हटलेलं नाही.