कागदाच्या घरातला लॅपटॉप

एक गोडसर वास. पिकलेल्या केळ्यांचा असावा तसा. घरात केळी नाहीत.

बांबूच्या कामट्यांचं तीन मजली कागदी घर. दारं आहेत, पडदे आहेत. राहायला कुणी नाही. अजून.

मक्याच्या कुरकुऱ्यांची हिरवी पुडी. यंत्रावर ठेवली की यंत्र शहाण्यासारखं वागतं. पुडी हिरवीच हवी.

लाल दोरी. नदीतला गोल दगड.

चांद्र वर्षाचा सातवा महिना, गेलेली माणसं परत फिरकायचा. तिन्हीसांजेला शीळ घालायची नाही. मागून कुणी हाक मारली तर वळायचं नाही.

“हलला!” तौतौ किंचाळला. “पेइछीताई, आगोंगचा लॅपटॉप हलला!”

पेइछीचा आठ वर्षांचा भाऊ तौतौ सांगेल त्यातलं निम्मं खोटं निघायचं. पण आज त्याचा आवाजच फाटला होता. पेइछीने खळीची वाटी खाली ठेवली आणि ती दुकानाच्या कोपऱ्याकडे धावली. सुट्टीत तैपेईहून आलेला तिचा आतेभाऊ ग्वानलिन तिच्या मागोमाग.

दुकान त्यांचंच होतं. गेलेल्या माणसांना जाळून पाठवायच्या कागदी वस्तू तिथे बनत: घरं, गाड्या, चपला, मोबाइलसुद्धा. आगोंग, म्हणजे मुलांचे आजोबा, जन्मभर हेच करत आले. ते जाऊन वर्ष होत आलं होतं. ते तीन मजली घर त्यांच्यासाठीच, आज संध्याकाळी जाळायचं होतं. त्यांचा लॅपटॉप मात्र मेजावर तसाच होता, चार्जर लावलेला.

गेल्या आठवड्यात त्याचं मिटलेलं झाकण आपोआप वर उचललं गेलं. बाबांनी ते दाबून बसवलं. सकाळी पुन्हा वर! उघडून पाहिलं, तर कुणाचं बोट नसताना पडद्यावर एकच अक्षर धावत होतं, ओळींमागून ओळी. बाबा पांढरेफटक पडले. त्यांनी वर हिरवी पुडी ठेवली. मग लाल दोरी आवळली. मग दगड ठेवला.

आता तो दगड हळूहळू एका बाजूला कलत होता. झोपलेल्या माणसाच्या छातीवर ठेवावा तसा!

“पुडीची तारीख उलटून गेली असेल,” ग्वानलिन पुटपुटला. पण तो एक पाऊल मागे सरकला.

“भूत आहे का गं?” तौतौने तिचा हात धरला.

“तो शब्द काढू नकोस! या महिन्यात ‘भले भाऊ’ म्हणायचं.” पेइछी खाली वाकली आणि लॅपटॉपच्या कडेला डोळा लावला. खालचा पत्रा बेडकाच्या पोटासारखा फुगला होता. केळ्यांचा वास तिथूनच येत होता.

तिला विज्ञानाच्या बाई आठवल्या. त्यांनी वर्गात फुगलेल्या मोबाइलचं चित्र दाखवलं होतं.

“बॅटरी फुगलीय! तीच झाकण वर ढकलतेय, तीच आतून बटणं दाबतेय!”

“मग टाचणीने भोक पाडून हवा सोडू या,” तौतौ म्हणाला.

“खबरदार! पेट घेईल. दाबायचं नाही, टोचायचं नाही. आणि इथे चहूकडे कागद आहे!”

“कशाला हात लावताय?” दारात बाबा उभे होते. रात्रभर झोप नसावी असे डोळे.

“बाबा, आतली बॅटरी...”

“आगोंग मागतायत तो लॅपटॉप,” बाबा हळूच म्हणाले. “आठवडा झाला, मागतायत. मीच कानाडोळा केला. आज त्यांच्या घराबरोबर जाळून पाठवून देऊ.”

“बाबा, आगीत तो फुटेल!”

“आजच्या दिवशी फुटेल-बिटेल बोलायचं नाही! बापाला शिकवतेस?”

त्यांनी दगड उतरवला. चार्जर काढताना त्यांचा हात क्षणभर अडखळला. मग दोरी बांधलेला लॅपटॉप त्यांनी कागदी घराच्या अभ्यासिकेत, कागदी मेजावर ठेवला, आणि ते देवळाकडे निघून गेले.

दुकानात सामसूम झाली. कागदी घराच्या आतून ‘टिक्’ असा आवाज आला. मग पुन्हा, ‘टिक्’.

“जळत्या घराच्या सगळ्यात जवळ कोण असतं?” ग्वानलिनने विचारलं.

पेइछीला ते ठाऊक होतं. थोरल्या मुलाने पुढे होऊन बांबूने आग सारखी करायची. म्हणजे बाबांनी. तिच्या डोळ्यांपुढे त्यांचा चेहरा आला आणि तिने झटकन कात्री उचलली.

“तौतौ, चंदेरी कागद आण! ग्वानलिन, परसातली, पितरांसाठी सोनकागद जाळायची लोखंडी बादली उघड्यावर ओढ. भिंतीपासून लांब! आगीसाठी भरून ठेवलेली वाळू तळाशी ओत.”

लॅपटॉप बनवायचा तर तौतौचाही हात बसलेला होता. घाईत त्याने बटणांच्या सात ओळी काढल्या.

“एक ओळ जास्त झाली रे!”

“आगोंगना चष्मा कुठेय तिथे?”

“आपणच काल कागदी चष्मा पाठवायला बांधलाय, गाढवा!”

पेइछीने कागदी घराच्या खिडकीतून हात घातला. पत्रा कोमट होता, तापलेल्या माणसाच्या कपाळासारखा. श्वास रोखून तिने लॅपटॉप आडवाच उचलला, परातीत ठेवला, दोरी अलगद कापली. मोकळं झालेलं झाकण तिच्याकडे तोंड करून सावकाश उघडलं. काळ्या पडद्यात तिला स्वतःचाच चेहरा दिसला, आणि मागे रिकामं कागदी घर. ती वळली नाही.

ग्वानलिनने तौतौचा कागदी लॅपटॉप तीच दोरी गुंडाळून अभ्यासिकेत सरकवला. परात परसात नेऊन वाळूवर ठेवली. वरून वाळूचा थर पसरला. तिघं लांब झाले.

दिवेलागणीच्या आधी गल्लीच्या तोंडाशी घर पेटलं. पडदे गेले, जिना गेला, अभ्यासिका गेली. बाबा बांबू घेऊन पुढे झाले. त्यांच्या ओठांवर काहीतरी होतं, ऐकू आलं नाही. राख उंच उडाली. काहीही फुटलं नाही.

“पोचलं,” बाबा म्हणाले. महिन्यात पहिल्यांदाच त्यांचे खांदे सैल झाले.

पेइछीने त्या खांद्यांकडे पाहिलं. तरी ती म्हणाली, “बाबा, आतला लॅपटॉप कागदाचा होता.”

“काय? आगोंगना फसवलंस?”

“तुम्हीच गिऱ्हाइकांना सांगता ना, तिकडे कागदाचंच चालतं म्हणून! खरा...”

परसातून फुस्स असा लांबलचक आवाज आला. कुणीतरी दातांतून श्वास सोडावा तसा. सगळे धावले. बादलीतून पांढरा धूर वर येत होता. “जवळ जाऊ नका!” पेइछी ओरडली. वाळू उसळली, जांभळी ज्योत फर्रकन निघाली आणि दोनदा धडाका झाला. एवढ्या लांबच्या भिंतीवरही काळा डाग उमटला, बाबांच्या चेहऱ्याइतक्या उंचीवर.

बाबांनी आधी त्या डागाकडे पाहिलं. मग हातातल्या बांबूकडे.

“केवढासा आहे हा बांबू,” ते पुटपुटले आणि त्यांनी पेइछीला जवळ ओढलं. “तू सांगत होतीस. मी ऐकलं नाही, पोरी.”

देवळाचे पंच, म्हातारे श्वे आजोबा, धापा टाकत पोचले होते. “आज अख्ख्या गल्लीत डोकं ठिकाणावर असलेली तीनच माणसं,” त्यांनी जाहीर केलं, “आणि तिघंही बुटकी!”

“सात ओळींचा लॅपटॉप मी केला!” तौतौ छाती काढून म्हणाला.

“मग आगोंग दोन दिवस बटणं शोधत बसणार,” बाबा म्हणाले, आणि रडता रडता हसले.

गेल्या वर्षी दवाखान्यात निघताना आगोंग दारातून बाबांना म्हणाले होते, “चार्जर काढू नकोस, संध्याकाळी येतोच आहे.”